पेशंट कोण होणार?

दर रविवारी सकाळी साडेसहाला गाडीतनं सरावाचं सगळं सामान उतरवून झालं की आमच्या रेस्क्यू टीमचे काका एकच प्रश्न विचारतात, "पेशंट कोण?" आणि त्या क्षणी पंधरा-सोळा जणांच्या बुटाच्या लेसा एकदम सुटतात. कुणी खाली वाकतंय, कुणी हार्नेसचं बक्कल परत परत ओढून बघतंय, एकाला तर रविवारी पहाटे हमखास महत्त्वाचा फोन येतो. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबतात, कारण मी सगळ्यात हलका, ५४ किलो, आणि नवीन, आणि नाही म्हणता न येणारा.

पहिलं वर्षभर मी एवढंच केलं. रेस्क्यू टीम म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं माहितीये ना, हेल्मेट घातलेला गडी कड्यावर लोंबकळतोय, खाली दरी, वर हेलिकॉप्टर. आमच्या सासुरवाडीला तर "आमचे जावई दरीत उतरतात" असं सांगत फिरायचे. आता त्यांना कसं सांगायचं की जावई उतरत नाहीत, जावयाला बांधून खाली सोडतात आणि दमले की चहाला जातात.

थोडं माझ्याबद्दल सांगतो. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमधे आहे, जड जॉब क्रेननं उचलून मशीनवर चढवायचे, उतरवायचे, हे रोजचं काम. ट्रेकिंगचं वेड वगैरे कधीच नव्हतं, अजिंक्यतारा चढलो तरी वर जाऊन शेंगा खाऊन परत येणारा माणूस मी. २०२१ च्या जुलैत तो पाऊस झाला, महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला तो, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, तेव्हा आम्ही कंपनीतली चार पोरं चादरी-बिस्किटं घेऊन एका टेम्पोतनं निघालो होतो. रस्ता तुटलेला, त्यामुळं टेम्पो बराच अलीकडं थांबला आणि आम्ही सामान डोक्यावर घेऊन चालायला लागलो तर समोरनं चिखलातनं चार माणसं येत होती, खांद्यावर एक जाड बांबू, बांबूला घोंगडं बांधलेलं आणि त्यात एक म्हातारी. रांगेत, एका पावलात. आम्ही बाजूला झालो, ती गेली, आणि माझ्या मनात आलं की माझ्या हातात बिस्किटं आहेत, त्यांचं काम मला येत नाही. घरी आल्यावर पण ते डोक्यातनं जाईना. दोन-तीन महिन्यांनी ओळखीच्या एकानं टीमच्या ग्रुपला घेतलं.

मला वाटलं पहिल्या दिवशी रोप देतील हातात. दिली की, पण पिशवीत भरायला.

रोप गुंडाळत नाहीत, पिशवीत भरतात, एका टोकाला गाठ मारून ते टोक तळाशी आणि बाकीची नुसती आत कोंबत जायची, म्हणजे खाली फेकताना गुंता होत नाही. शंभर मीटरची रोप भरायची म्हणजे प्रत्येक फूट हातातनं जातो आणि तेच खरं कारण आहे, भरता भरता बोटांनी तपासायची, कुठं मऊ पडलीये का, कुठं साल निघालीये का. रोपवर पाय दिला की ५० रुपये दंड. त्या दंडाच्या पैशातनं मोती चौकातनं कंदी पेढे येतात. पहिल्या दोन महिन्यांत टीमनं माझ्या पैशानं बरेच पेढे खाल्ले.

तर पेशंट. पहिल्यांदा झालो ते यवतेश्वरच्या अंगाला एका तीस-चाळीस फुटी कातळावर. (ज्या घाटात आता हिल मॅरेथॉनवाले धावतात तोच, आमचं सामान उतरत असतं तेव्हा ते आमच्याकडं आणि आम्ही त्यांच्याकडं 'काय येडी माणसं आहेत' असं बघत असतो.) मला वाटलं झोपायचंय नुसतं, आठवडाभर शिफ्ट करून रविवारी कुणी झोपायला सांगत असेल तर वाईट काय. स्ट्रेचरवर आडवा झालो. मग छातीवर पट्टा, कमरेला पट्टा, मांडीला, नडगीला, पावलाला आठाच्या आकड्यात, मानेला कॉलर, डोक्याच्या दोन्ही बाजूला ठोकळे आणि कपाळावरनं चिकटपट्टी. हात आत. आणि वरनं ताडपत्री.

बांधून झाल्यावर दोन मिनिटांनी माझ्या नाकावर मुंगी चढली.

हसू नका. तुम्ही एकदा हात बांधून घ्या आणि बघा. मान हलत नाही, हात निघत नाहीत, फुंकर मारून मारून दमलो, आणि आजूबाजूला आठ जण माझ्याबद्दल बोलतायत पण माझ्याशी कुणीच बोलत नाही. दिसतं काय तर आभाळ, आणि अधनंमधनं वाकलेल्या माणसांच्या नाकपुड्या. ऐकू काय येतं? "अरे तो नाही, दुसरा." "हा लॉक केलाय का?" "कुणी केला?" "मला वाटलं तू केला." थोड्या वेळानं "ए ए ए धर धर!" आणि मग शांतता. काय धरायचं होतं, धरलं का, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग कुणीतरी माझ्यावरनं ढांग टाकून गेलं. आणि मग कड्याच्या धारेवरनं खाली जाताना रोपवर वजन आलं, रोप थोडी ताणली, चार बोटं, जास्त नाही, पण त्या चार बोटांत माझं पोट सातारा रोडला पोचलं. मी ओरडलो. वरनं उत्तर काय आलं तर "पेशंट गप बस."

खाली आल्यावर सोडलं, उठून बसलो तर हात थरथरत होते. सगळी पोरं वर निघून गेली पुढच्या राउंडच्या तयारीला. काका तेवढे थांबले. काका म्हणजे एसटीतनं ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, साठी उलटलीये, आवाज घाटातल्या हॉर्नसारखा. त्यांनी खिशातनं एक दोनशे पानी वही काढली, बॉलपेन काढलं आणि विचारलं, "हं, सांगा. काय काय वाटलं?"

मी म्हणलं, काय नाय काका, मस्त.

"मस्त वाटलं असतं तर बोंबलला नसता. नीट सांगा, लिहून घ्यायचंय."

त्या वहीत टीमच्या प्रत्येक सरावातल्या पेशंटचं म्हणणं लिहिलेलं आहे. कधीच्या काळापासनं. 'ताडपत्रीचा फडफड आवाज झाला, वाटलं काय तरी फाटलं.' 'डोळ्यात माती.' 'टाचेखाली बक्कल रुतलं, वीस मिनिटं.' 'सगळे हसत होते, कशाला ते कळलं नाही, राग आला.' आणि आमच्या टीमचे जे काही नियम आहेत, म्हणजे पेशंटच्या वरनं ढांग टाकायची नाही, वळसा घालून जायचं, डोळ्याला गॉगल लावायचा, वजन येताना आधी सांगायचं, डोक्याशी एकच माणूस आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही, ते सगळे नियम त्या वहीतनं आलेत. माझी मुंगी पण आहे त्यात. तारखेसकट.

काकांना एक गोष्ट सांगायची फार हौस आहे आणि ती आम्ही प्रत्येकानं किमान दहा वेळा ऐकलीये. इंग्लंडमधे १९२८ साली लॅडो नावाच्या कातळावर एक क्लाइंबर पडला, पाय मोडला, मित्रांनी मिळेल त्या लाकडांचं स्ट्रेचर करून त्याला डोंगरातनं तासन् तास हिंदकळत खाली आणलं, वेदना कमी करायला काही नाही, आणि शेवटी तो पाय कापावा लागला. तिथल्या मँचेस्टर शहरातले एक सर्जन होते विल्सन हे, म्हणजे आडनावच 'हे', त्यामुळं काका "विल्सन हे हे म्हणाले" असं म्हणतात आणि पोरं खालमानेनं हसतात. तर त्यांचं म्हणणं असं पडलं की या माणसाचं पडण्यानं जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा आणण्यानं जास्त केलं. त्यातनं मग तिथं डोंगरातल्या स्ट्रेचरचा अभ्यास करायला समिती बसली, युस्टेस थॉमस नावाच्या माणसानं खास स्ट्रेचर तयार केलं, आणि तिथल्या व्हॉलंटियर टीम उभ्या राहिल्या त्याची सुरुवात साधारण इथनं धरतात. डॉक्टर गडी पण जिगरबाज, रेस्क्यूच्या ठिकाणी मॉर्फिन ठेवायला परवानगी नव्हती तरी देत राहिला आणि १९४९ ला त्यासाठी कोर्टात दंड भरला. काकांना यातला दंड फार आवडतो. "माणूस दंड भरला पण हटला नाही" हे सांगताना त्यांचा आवाज अजून एक गिअर वर जातो.

रोपचं तंत्र मला मात्र लवकर जमलं, आणि त्याचं श्रेय कंपनीला. क्रेनच्या हुकाला दोन पायाची चेन स्लिंग लावताना आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की दोन पायातला कोन जितका फाकेल तितका प्रत्येक पायावरचा ताण वाढतो. कड्यावर अँकर, म्हणजे रोप जिथं बांधायची तो आधार, लावताना तंतोतंत तेच. दोन बोल्टमधनं स्लिंग काढून खाली वजन टांगलं आणि मधला कोन १२० अंशाला गेला की प्रत्येक बोल्टवर पूर्णच्या पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन बोल्ट लावून तुम्ही स्वतःला नुसतं फसवलं. ६० च्या आत ठेवायचा, निम्म्यापेक्षा थोडंच जास्त येतं. हे मी पहिल्याच महिन्यात बोलून दाखवलं तेव्हा काकांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "पेशंटला अक्कल आहे."

कॅराबिनर, म्हणजे रोप अडकवायची लॉकची कडी, साधारण २२ किलोन्यूटनचा असतो, म्हणजे सव्वादोन टनाच्या आसपास. नवीन पोरं हा आकडा ऐकून लय खूष होतात, अख्खी जीप टांगता येईल म्हणतात. पण रोपला गाठ मारली की तिची ताकद पाव हिश्शापासनं तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी होते, धारेवर घासली की अजून कमी, म्हणून धारेवर गोणपाट नायतर जुन्या टायरचा तुकडा टाकायचा. आणि एक रोप कधीच नाही, कायम दोन, एक वजन घेणारी आणि एक नुसती बरोबर चालणारी, जी कधी कामाला येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा. पेशंट, त्याच्याबरोबरचा माणूस आणि स्ट्रेचर मिळून पावणेदोनशे किलो होतं सहज. ते वर ओढायचं तर पुल्या लावून तीनास एकचं गणित करायचं, कागदावर ६० किलोचा जोर पुरतो, प्रत्यक्षात घर्षणामुळं बराच जास्त लागतो, आणि एक मीटर वर घ्यायला तीन मीटर रोप ओढावी लागते. म्हणजे पन्नास फूट वर घ्यायला दीडशे फूट ओढा. पावसात. आपण फुकट काहीच उचलत नाही, ताकद वाचली की अंतर जातं.

पण कोन आणि किलोन्यूटन कितीही पाठ केले तरी बोल्ट ज्या दगडात मारायचा तो दगडच आपल्याकडं भरवशाचा नाही. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, एक थर पोलादासारखा आणि त्याच्या डोक्यावर तांबड्या मातीचा ठिसूळ पट्टा, परत कातळ, परत पट्टा. हातोडी मारून आवाज ऐकायचा, खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर पुढं सरका. पावसाळ्यात तर झाड पण जुनं बघून घ्यावं लागतं. कारवीच्या झुडपाला कुणी अँकर लावलेला दिसला तर काका त्याला पुढचे चार रविवार पेशंट करतात.

आता जरा नको वाटणारं लिहितो. टीमला जे फोन येतात त्यातले बरेचसे जिवंत माणसासाठी नसतातच. आत्महत्या, घाटात गेलेली गाडी, चार दिवसांपासनं बेपत्ता माणूस. पोलिसांचा फोन येतो, आम्ही जातो, उतरतो, पंचनाम्यासाठी जे जसं आहे तसं राहू द्यायचं, फोटो झाले की बांधून वर. नाकाखाली विक्स. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची सहलीची बस दरीत गेली, बसमधला फक्त एक माणूस वाचला, बाकी सगळ्यांना रोपवरनं वर घ्यायचं काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालू होतं आणि त्यात महाबळेश्वरचे, आजूबाजूचे ट्रेकर होते, कुणी हॉटेलात काम करणारा, कुणी टॅक्सीवाला, कुणी दुकानदार. मी तेव्हा टीमला नव्हतो. जे होते ते त्याबद्दल बोलत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, समोरच्यानं विषय बदलून घोसाळ्याच्या भज्यांवर नेला.

एवढं कळलं की त्या बाबतीत पण काकांचा नियम तोच आहे. वॉकीटॉकीवर 'बॉडी' शब्द बोलायचा नाही. पेशंटच म्हणायचं. कारण वर रस्त्यावर, जिथं आपला वॉकी खरखरतोय तिथं, दोन हातावर त्याचा भाऊ नायतर बाप उभा असतो. त्यालाही स्ट्रेचरवर तसंच नीट बांधायचं, डोकं आपटू द्यायचं नाही. एका नवीन पोरानं एकदा विचारलं, आता काय फरक पडतो? काका म्हणाले, "तुला पडतो."

माझा पहिला जिवंत पेशंट मला पावणेदोन वर्षांनी मिळाला.

श्रावणातला रविवार, संध्याकाळी पावणेसहा. ग्रुपवर मेसेज, जावळीतल्या एका धबधब्याच्या वरच्या घळीत पोरगं पडलंय, पाय मोडलाय, शुद्धीवर आहे. लोकेशन आलं, पण ते जिथनं रेंज मिळाली तिथलं, पोराचं नाही, हे असं कायमच असतं. आठ जणांनी 'येतो' टाकलं. मी जेवायला बसणार होतो, बायकोनं न बोलता ताट झाकलं आणि दोन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. एवढ्या वर्षांत ती एकदाच म्हणालीये, "अहो, कुणी पैसे देतं का याचे?" मी म्हणलं, नाही. "मग निदान घरी बसून तरी झिजवू नका डोकं, जावा." (पैशाचं खरंच काही नसतं हो. पेट्रोल आपलं, बूट आपले, रोप वर्गणीतनं. एकदा एका पेशंटच्या काकांनी विचारलं, तुमचा रेट काय? आमचा एक जण म्हणाला, रोपवर पाय दिला तर ५० रुपये.)

साडेसातला गावात पोचलो. अंधार, धुकं एवढं की हेडटॉर्चचा उजेड दोन हातावर भिंतीसारखा परत येतोय. गावातली सात-आठ माणसं इरली, प्लास्टिकचे कागद घेऊन आमच्या आधीच तयार, त्यांच्याशिवाय आम्ही ती घळ रात्रभर शोधत बसलो असतो. पाऊण तास चाललो. पोरगं विशीतलं, शेवाळावरनं घसरून पंधरा-वीस फूट खाली गेलेलं, नडगीची दोन्ही हाडं गेलेली. मित्रांनी कारवीच्या काठ्या आणि टॉवेल लावून पाय बांधला होता, गडबडीत पण बरा बांधला होता. पाण्यात चार तास भिजत पडल्यामुळं दात वाजत होते आणि खरी भीती पायापेक्षा त्या थंडीची होती. कोरडं घातलं, चंदेरी ब्लँकेट गुंडाळलं, नीट स्प्लिंट लावलं, बोटं हलतायत का, लावलेला हात कळतोय का, नखं पांढरी पडलीयेत का ते बघितलं.

पेशंटबरोबर स्ट्रेचरला लटकून कोण वर येणार? सगळे माझ्याकडं बघायला लागले. ५४ किलो. वर ओढणाऱ्यांचं तेवढंच वजन कमी.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी स्ट्रेचरच्या आत नव्हतो, बाहेर होतो, आणि आत एक पोरगं होतं ज्याला फक्त अंधार, पाऊस आणि माझ्या नाकपुड्या दिसत होत्या.

मी त्याला सगळं सांगायला लागलो. सगळं म्हणजे सगळं. हे बघ भावा, आता छातीवर पट्टा येतोय, गच्च वाटेल, श्वास घेऊन दाखव. आता कपाळाला चिकटपट्टी. आता वरनं शिट्ट्या येतील. धबधब्याच्या आवाजात बोलणं जात नाही म्हणून शिट्टी, एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली, चार म्हणजे रोप मोकळी. तू पण मोज. मग मी म्हणलं, आता वजन येईल आणि स्ट्रेचर चार बोटं खाली बसल्यासारखं होईल, पोटात गोळा येईल, काही तुटलेलं नसेल, रोप ताणते तशी. आणि बसलं चार बोटं. पोरगं म्हणालं, "दादा, बरोबर सांगितलं तुम्ही." त्यानंतर तो माझ्यावर विश्वास ठेवायला लागला, मला जाणवलं ते.

दोन शिट्ट्या. वर. एक. थांबलो. तसेच अधांतरी, पाच मिनिटं, पुली परत मागं घेत असतील. पाणी अंगावर. तो म्हणाला, "एकच वाजली." मी म्हणलं हो, बरोबर मोजतोयस. मग विचारलं, आईला कळवलंय का? मित्रांनी कळवलंय म्हणाला. काय शिकतोस? डिप्लोमा. सातारची मिसळ खाल्ली का? नाही म्हणाला, आम्ही सरळ इकडंच आलो. मी म्हणलं मग पडणारच की.

हसला नाही. माझे विनोद तसे घरी पण चालत नाहीत. पण मग मी बघितलं की तो ओठ वाकडे करून वर फुंकर मारतोय. मी विचारलं, नाक खाजतंय का? तो काहीच बोलला नाही, फक्त डोळे मोठे केले. मी हातमोजा दातानं काढला आणि त्याचं नाक खाजवलं, नीट, दोन्ही बाजूनं. आणि ते पोरगं जे चार तास मोडक्या पायानं पाण्यात बसून रडलं नव्हतं ते हुंदके देऊन रडायला लागलं. मला काय करावं कळेना. मी नाक खाजवतच राहिलो.

वर आल्यावर पुढं रस्त्यापर्यंत उचलून न्यायचं होतं, सहा-सहा जणांचे सेट करायचे, ठरावीक अंतरानं न थांबता बदलायचे, उतारावर पाय पुढं, चढावर डोकं पुढं, हे सगळं आम्ही सरावात घोटून घेतलेलं. गावातल्या माणसांनी आमच्या सेटचं गणित ऐकूनच घेतलं नाही. आबा म्हणत होते त्यांना सगळे, साठीच्या पुढचे, त्यांनी पुढचा कोपरा खांद्यावर घेतला आणि बाकीचे न सांगता आपापल्या जागी. चिखल, दगड, ओढा, आणि स्ट्रेचर पाण्यावरच्या होडीसारखं सपाट. खांदा बदलताना नुसतं "हं" म्हणायचे. ही माणसं कोयनेच्या अंगाच्या गावांतनं पिढ्यान् पिढ्या आजारी माणूस झोळीत घालून आणतायत, रस्ता नाही, पावसात होडी नाही, दुसरं करणार काय. मला ते आंबेघरकडचं घोंगडं आठवलं. मी आबांना म्हणलं, दमला असाल, बदलू का? म्हणाले, "हलकं हाय की पोर. गेल्या साली चुलतीला आणली, ती लय जड हुती, अन वर आमालाच शिव्या देत हुती, हळू चाला मेल्यांनो म्हणून."

मी म्हणलं आबा, काय काय म्हणाली ते सांगा, आमच्या काकांना वहीत लिहून घ्यायला आवडेल.

रस्त्यावर १०८ उभी होती, बारा वीस झालेले. दार लावायच्या आधी पोरानं मला हाक मारली, मला वाटलं आता आभार मानतोय, तर म्हणाला, "दादा, चार शिट्ट्या वाजल्याच नाहीत." खरंच राहिल्या होत्या. वरच्या पोरांना दुसऱ्या दिवशी काकांनी झाप झाप झापलं.

त्याचा परत काही फोन वगैरे आला नाही. पाय बरा झाला असेल. पहाटे तीनला घरी आलो, सातची शिफ्ट होती, सुपरवायझरला खरं कारण सांगितलं तर म्हणाला रजा टाकायची ना मग, आणि ते पण बरोबरच आहे त्याचं, झोपाळलेल्या माणसाला क्रेनखाली कुणी उभं करू नये. फडक्यातल्या भाकऱ्या तशाच राहिल्या होत्या, त्या मधल्या सुट्टीत खाल्ल्या.

यंदा टीमला नवीन पोरं आलीयेत. त्यात एक नर्सिंग शिकणारी मुलगी आहे, ४८ किलो. तेव्हा माझी सुट्टी झाली एकदाची. गेल्या रविवारी काकांनी "पेशंट कोण?" म्हणायच्या आत ती जाऊन स्ट्रेचरवर आडवी झाली, मी डोक्याशी. आता मी जुना माणूस, दोन वर्षं झाली, त्यामुळं अँकर कसा लावलाय, कोण काय करतंय यावर माझं बारीक लक्ष, हातानं पट्टे ओढतोय, तोंडानं वरच्या पोराला सूचना देतोय, अरे तो नाही दुसरा, लॉक केला का, कुणी केला. ताडपत्रीखालनं आवाज आला,

"दादा, तुम्ही कुणाशी बोलताय? कारण माझ्याशी कुणीच बोलत नाहीये."

मागं काकांच्या शर्टाच्या खिशातनं वही निघाल्याचा आवाज आला.